सल्ला फोनवर, सोनोग्राफी केंद्रात: लिव्हर कॅन्सर लवकर पकडण्यासाठी टेलिमेडिसिनचा खरा उपयोग

मोबाइलवर डॉक्टरांशी बोलणे आता नवलाचे राहिलेले नाही. केंद्र सरकारच्या ‘ई-संजीवनी’ सेवेतून आजवर ३० कोटींहून अधिक सल्ले दिले गेले आहेत. दुसरीकडे सोनोग्राफीचे यंत्र लहान होत होत खिशात मावेल एवढे झाले आहे. प्रोब फोनला जोडला की स्क्रीनवर चित्र दिसते. या दोन्ही गोष्टींच्या बातम्या वाचल्यावर लिव्हरच्या रुग्णांच्या घरचे लोक हमखास विचारतात, “बाबांना सिरॉसिस आहे. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायला सांगितली आहे. दरवेळी गाडी करून जिल्ह्याच्या गावी न्यावे लागते. हे आता फोनवर नाही का होणार?”

याचे सरळ उत्तर असे: सोनोग्राफी फोनवर होणार नाही, तिच्या आधीचे आणि नंतरचे बरेचसे काम मात्र होऊ शकते. आणि हे आधीचे-नंतरचे कामच आपल्याकडे सर्वांत जास्त राहून जाते. कोणाला तपासणीची गरज आहे हे कोणी सांगत नाही, पुढची तारीख कोणी आठवण करून देत नाही, रिपोर्ट फाईलमध्ये पडून राहतो. म्हणून टेलिमेडिसिनकडून कशाची अपेक्षा ठेवायची आणि कशाची नाही, हे समजून घेणे तुमच्यासाठी महत्त्वाचे आहे.

लवकर सापडला तर काय फरक पडतो?

२०२२ या एका वर्षात जगभरात लिव्हर कॅन्सरचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७ लाख ५८ हजार लोक या आजाराने दगावले. हे दोन आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते पाहा. त्याचे मुख्य कारण म्हणजे आजार उशिरा सापडतो.

लिव्हरच्या आतल्या भागाला वेदना जाणवत नाही. दोन सेंटीमीटरची गाठ असलेला माणूस नेहमीसारखा जेवतो, शेतात जातो, दुकानात बसतो. पोटात दुखणे, वजन घटणे, कावीळ, पोटात पाणी होणे ही लक्षणे दिसेपर्यंत गाठ बहुधा मोठी झालेली असते किंवा रक्तवाहिनीत शिरलेली असते. तेव्हाही औषधांनी आयुष्य वाढवता येते आणि गेल्या काही वर्षांत ही औषधे बरीच सुधारली आहेत, पण कॅन्सर पूर्ण बरा होण्याची शक्यता फार कमी उरते.

एकच लहान गाठ असेल, किंवा तीनपर्यंत गाठी असून प्रत्येक तीन सेंटीमीटरच्या आत असेल, तर चित्र वेगळे असते. गाठ शस्त्रक्रियेने काढता येते, सुई घालून उष्णतेने जाळता येते, किंवा लिव्हर ट्रान्सप्लांटचा विचार करता येतो. या टप्प्यावर उपचार मिळालेले निम्म्याहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. म्हणून लक्षणांची वाट न पाहता, ठणठणीत वाटत असतानाच तपासणी करायची असते.

ही तपासणी कोणासाठी आहे?

स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसारखी ही सर्वांसाठीची तपासणी नाही. ज्यांना धोका जास्त आहे त्यांच्यासाठीच ती आहे:

- लिव्हर सिरॉसिस असलेले रुग्ण. कारण कोणतेही असो: हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, फॅटी लिव्हर किंवा अन्य आजार.
- हिपॅटायटिस बी असलेले, पण सिरॉसिस नसलेले रुग्ण. आशियाई लोकांसाठी साधारणपणे पुरुषांमध्ये चाळिशीनंतर आणि स्त्रियांमध्ये पन्नाशीनंतर तपासणी सुरू करतात. जवळच्या रक्ताच्या नात्यात कोणाला लिव्हर कॅन्सर झाला असेल तर त्याआधीही सुरू करावी लागते.
- हिपॅटायटिस सी औषधांनी बरा झालेला, पण त्याआधीच सिरॉसिस झालेला रुग्ण. विषाणू गेला तरी लिव्हरवर उमटलेले व्रण राहतात. धोका कमी होतो, संपत नाही.

शेवटच्या मुद्द्यावर फार गफलत होते. “सी बरा झाला, आता कशाला सोनोग्राफी?” असे म्हणून तपासणी बंद करणारे अनेक जण असतात. हिपॅटायटिस बीची गोळी रोज घेणाऱ्यांचेही असेच होते. गोळीने विषाणू दबतो आणि कॅन्सरचा धोका बराच कमी होतो, पण सोनोग्राफी चालूच ठेवायची असते.

आता दुसरी बाजू. रिपोर्टवर ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ लिहिलेले पाहून घाबरून दर सहा महिन्यांनी कॅन्सरसाठी सोनोग्राफी करण्याची गरज नसते. त्या व्यक्तीला आधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: लिव्हरमध्ये कडकपणा म्हणजे फायब्रोसिस वाढला आहे का? वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून ‘फिब-४’ नावाचा एक निर्देशांक काढता येतो. तो १.३ पेक्षा कमी असेल तर फायब्रोसिस पुढच्या टप्प्याचा असण्याची शक्यता कमी असते. पासष्टीनंतर ही मर्यादा २ धरतात. निर्देशांक त्याहून जास्त आला तर फायब्रोस्कॅनसारखी तपासणी करतात.

याशिवाय काही रुग्णांचे लिव्हर इतके खराब झालेले असते की गाठ सापडली तरी कोणताही उपचार झेपणार नाही आणि ट्रान्सप्लांटही शक्य नसते. अशा वेळी डॉक्टर दर सहा महिन्यांची सोनोग्राफी थांबवायला सांगू शकतात. रुग्णाला विनाकारण धावपळ आणि काळजी नको, एवढाच त्यामागचा विचार असतो. असा सल्ला मिळाला तर त्याचे कारण मोकळेपणाने विचारा.

सहा महिनेच का?

लिव्हरमधल्या कॅन्सरच्या गाठीचे आकारमान दुप्पट व्हायला सरासरी चार ते सहा महिने लागतात. वर्षभर थांबलो तर आज न दिसणारी गाठ हाताबाहेर जाऊ शकते. मग दर तीन महिन्यांनी का नको? फ्रान्स आणि बेल्जियममधल्या सिरॉसिसच्या १,२७८ रुग्णांवर हे करून पाहिले गेले. २०११ मध्ये निष्कर्ष आला की दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी केल्याने बारीकसारीक ठिपके जास्त सापडले, पण लोक जास्त जगले नाहीत. म्हणून सहा महिने.

या तपासणीने जीव वाचतात याचा सर्वांत मोठा पुरावा शांघायमधून आला. तिथे हिपॅटायटिस बीची लागण किंवा लिव्हरच्या जुन्या आजाराचा इतिहास असलेल्या १८,८१६ लोकांचे दोन गट केले. एका गटाला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी ही रक्ततपासणी दिली, दुसऱ्याला नेहमीसारखे ठेवले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पहिल्या गटात लिव्हर कॅन्सरने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी होते. त्या अभ्यासाच्या पद्धतीवर तज्ज्ञांनी काही आक्षेप घेतले आहेत, ते बाजूला सारता येणार नाहीत. तरी त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: ठरलेल्या तपासण्यांपैकी साठ टक्क्यांहून कमीच प्रत्यक्षात झाल्या होत्या, आणि तरीही एवढा फरक दिसला.

एक नॉर्मल रिपोर्ट म्हणजे हमी नव्हे

सोनोग्राफी स्वस्त आहे, तिच्यात किरणोत्सर्ग नाही, तालुक्याच्या गावीही ती बहुधा मिळते. पण तिच्या मर्यादा तुम्हाला माहीत असाव्यात. २०१८ मध्ये अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली तेव्हा सिरॉसिसच्या रुग्णांत सुरुवातीच्या टप्प्यातला कॅन्सर फक्त सोनोग्राफीने सुमारे ४७ टक्के वेळा सापडला. सोबत एएफपी केल्यावर हे प्रमाण ६३ टक्क्यांवर गेले. म्हणूनच बहुतेक तज्ज्ञ दोन्ही तपासण्या एकत्र करायला सांगतात.

हा आकडा वाचून निराश होऊ नका, त्याचा अर्थ नीट लावा. एका फेरीत निसटलेली गाठ पुढच्या फेरीत सापडू शकते, तीही अजून उपचार करण्याजोगी असताना. या तपासणीची ताकद पुन्हा पुन्हा करण्यात आहे. एकदा सोनोग्राफी केली, नॉर्मल आली, आणि मग दोन वर्षे कोणी फिरकले नाही, तर त्या नॉर्मल रिपोर्टचा उपयोग जवळपास शून्य.

आणखी एक गोष्ट रिपोर्टमध्ये शोधा: लिव्हर किती स्पष्ट दिसले? पोटावर चरबी जास्त असेल, आतड्यात गॅस असेल किंवा लिव्हर फार खडबडीत झाले असेल तर काही भाग दिसतच नाही. आंतरराष्ट्रीय पद्धतीत याला ए, बी आणि सी असे गुण देतात. ‘सी’ म्हणजे चित्र फारच अपुरे. अशा रिपोर्टवर ‘गाठ दिसत नाही’ असे लिहिलेले असले, तरी त्याचा अर्थ ‘गाठ नाही’ असा होत नाही. त्या रुग्णाला सीटी स्कॅन किंवा एमआरआयची गरज पडू शकते. आपल्याकडच्या अनेक रिपोर्टमध्ये हा गुण लिहिलेला नसतो. म्हणून डॉक्टरांना थेट विचारा, “पूर्ण लिव्हर नीट दिसले का?”

मग सोनोग्राफी दूरवरून का होत नाही?

पहिले कारण तपासणीतच आहे. सोनोग्राफी म्हणजे एक्स-रेसारखे एकदा टिपलेले चित्र नव्हे. लिव्हरचा बराचसा भाग बरगड्यांच्या मागे आणि वरचा घुमट श्वासपटलाखाली लपलेला असतो. डॉक्टर तुम्हाला श्वास रोखायला सांगतात, कुशीवर वळवतात, प्रोब बरगड्यांच्या फटीतून तिरका धरतात, संशय आला तर त्याच जागी पुन्हा येतात. गाठ शोधणारा हात आणि पडद्यावरची नजर यांचे काम एकाच वेळी चालते. जिथे प्रोब गेलाच नाही, तिथली गाठ शहरातल्या सर्वांत मोठ्या तज्ज्ञालाही पाठवलेल्या फोटोत दिसणार नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रोग्रामही आलेल्या चित्रावरच काम करतात, न आलेल्या चित्रावर नाही. म्हणून सोनोग्राफीचे दोन-चार फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून “डॉक्टर, गाठ आहे का सांगा” असे विचारण्यात अर्थ नसतो.

काही देशांत प्रशिक्षित तंत्रज्ञ ठरलेल्या क्रमाने लिव्हरच्या लहान लहान चित्रफिती घेतात आणि रेडिओलॉजिस्ट त्या नंतर, दुसऱ्या ठिकाणी बसून पाहतात. ही पद्धत चांगली चालू शकते, पण तिच्यातही तपासणी करणारा हात प्रशिक्षित असावाच लागतो.

दुसरे कारण कायद्याचे आहे आणि ते आपल्या राज्याच्या इतिहासाशी जोडलेले आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य, १९८८ मध्ये. त्यानंतर १९९४ मध्ये देशभरासाठी कायदा झाला. तो आज पीसीपीएनडीटी कायदा म्हणून ओळखला जातो. त्यानुसार सोनोग्राफीचे प्रत्येक यंत्र नोंदणीकृत असावे लागते, ते नोंदणी केलेल्या जागीच वापरायचे असते आणि तपासणी पात्र डॉक्टरांनीच करायची असते. तपासायचे लिव्हर एखाद्या पुरुषाचे असले तरी यंत्र तेच असते, म्हणून नियमही तेच. यंत्र पिशवीत घालून कोणी घरोघरी फिरू शकत नाही. फिरत्या वैद्यकीय पथकांसाठी परवानगीची तरतूद आहे, पण अटी कडक आहेत.

हा कायदा निष्कारण आलेला नाही. राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर घसरली. ‘लिव्हरच्या रुग्णांसाठी नियम सैल करा’ असे म्हणणे सोपे आहे, पण सैल झालेल्या नियमातून काय काय शिरू शकते हे आपण पाहिलेले आहे. त्यामुळे नजीकच्या काळात तरी लिव्हरची सोनोग्राफी केंद्रातच करावी लागेल, असे धरून चालावे. दुर्गम भागातल्या रुग्णांवर याचा भार पडतो हेही खरे आहे. तो हलका करण्याचा मार्ग म्हणजे बाकीच्या फेऱ्या वाचवणे. इथेच टेलिमेडिसिन कामी येते.

टेलिमेडिसिन नेमके कुठे उपयोगी पडते?

*योग्य माणूस शोधण्यात.* जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बी आणि ५५ लाख लोकांना हिपॅटायटिस सी होता. यातल्या बहुतेकांना स्वतःच्या आजाराची कल्पना नाही. जुने रक्ताचे रिपोर्ट पाहून, प्लेटलेट कमी आहेत का हे तपासून, फिब-४ काढून ‘तुम्हाला पुढची तपासणी हवी’ हे सांगायला प्रत्यक्ष भेटीची गरज नसते. तुमच्या गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत ई-संजीवनीवरून वरिष्ठ डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. केंद्राने २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली. म्हणजे मधुमेह आणि रक्तदाबाप्रमाणे लिव्हरचीही चौकशी गावपातळीवर व्हावी, असे सरकारी धोरण आहे. तुम्ही मागणी केलीत तर ते अमलात येण्याची शक्यता वाढते.

*आठवण करून देण्यात.* ही गोष्ट साधी वाटते, पण यामागचा पुरावा भक्कम आहे. अमेरिकेत डॅलस शहरातल्या एका सार्वजनिक रुग्णालयात सिरॉसिसच्या १,८०० रुग्णांवर एक अभ्यास झाला. काहींना घरी पत्र पाठवले आणि फोन करून अडचणी विचारल्या, बाकीच्यांना नेहमीसारखे ठेवले. दीड वर्ष सलग दर सहा महिन्यांनी तपासणी करणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या गटात सुमारे ७ टक्के, तर पत्र आणि फोन मिळालेल्या गटात सुमारे २३ टक्के होते. तीन पटीहून जास्त. कोणतेही नवे यंत्र न आणता. त्याच वेळी २३ टक्के हा आकडाही किती अपुरा आहे, हे विसरू नका. सातत्य ठेवणे खरोखरच अवघड असते आणि त्यासाठी घरच्यांची साथ लागते.

*रिपोर्ट समजून घेण्यात.* सोनोग्राफी तालुक्याला झाली आणि लिव्हरचे डॉक्टर पुण्यात किंवा नागपूरला असले, तर नॉर्मल रिपोर्ट दाखवण्यासाठी प्रवास करण्याची गरज नाही. रिपोर्ट आणि एएफपीचा आकडा पाठवून व्हिडिओवर बोलता येते. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानुसार नोंदणीकृत डॉक्टर फोन किंवा व्हिडिओवरून सल्ला आणि बहुतेक औषधांची चिठ्ठी देऊ शकतात. ‘हे फोनवर ठरवता येणार नाही, प्रत्यक्ष या’ असे सांगण्याचा अधिकारही त्यांना आहे. डॉक्टर असे म्हणाले तर ते टाळाटाळ करत आहेत असे समजू नका.

*गावच्या डॉक्टरला बळ देण्यात.* २००३ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा यांनी ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. हिपॅटायटिस सीचे रुग्ण त्यांच्याकडे येण्यासाठी महिनोन्‌महिने थांबत होते. त्यांनी रुग्णांऐवजी गावोगावच्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर बोलावले आणि एकेका रुग्णाची चर्चा सुरू केली. २०११ मध्ये निष्कर्ष आले: विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्ण बरे झाले, तर गावच्या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के. जवळपास सारखेच. दिल्लीतल्या लिव्हरच्या राष्ट्रीय दर्जाच्या संस्थेनेही, आयएलबीएसने, ही पद्धत वापरून डॉक्टरांचे प्रशिक्षण केले आहे. तुमच्या फॅमिली डॉक्टरला तज्ज्ञाचा आधार मिळाला तर सहा महिन्यांची तपासणी त्यांच्या देखरेखीखालीही चालू शकते.

रिपोर्ट हातात आला, पुढे काय?

- गाठ नाही, लिव्हर नीट दिसले, एएफपी २० च्या खाली: पुढची तारीख सहा महिन्यांनी. सल्ला फोनवर चालेल.
- एक सेंटीमीटरपेक्षा लहान ठिपका: बहुधा तीन ते सहा महिन्यांत पुन्हा सोनोग्राफी. यातले बरेच ठिपके कॅन्सरचे नसतात. तारीख मात्र चुकवायची नाही.
- एक सेंटीमीटर किंवा त्याहून मोठी गाठ, अथवा एएफपी २० किंवा त्याहून जास्त: आता सोनोग्राफी पुन्हा पुन्हा करत बसू नका. औषध शिरेतून देऊन वेगवेगळ्या टप्प्यांवर चित्रे घेणारा सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागतो. त्याला ट्रायफेजिक किंवा मल्टिफेज स्कॅन म्हणतात. साधा सीटी पुरेसा नसतो.
- लिव्हर अपुरे दिसले: दुसरी तपासणी हवी का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

सिरॉसिसच्या रुग्णात मल्टिफेज स्कॅनवर गाठीचे ठरावीक रूप दिसले तर बायोप्सी न करताही निदान पक्के करता येते. म्हणून “आधी तुकडा काढून तपासू” असे कोणी घाईने म्हणाले तर लिव्हरच्या तज्ज्ञांचे मत घ्या. उपचार ठरवताना लिव्हरचे डॉक्टर, सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि कॅन्सरतज्ज्ञ एकत्र बसले तर चांगले. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडशी देशभरातली अनेक रुग्णालये जोडलेली आहेत. तुमचे रुग्णालय त्यात आहे का आणि तुमच्या केसची चर्चा अशा बैठकीत होऊ शकते का, हे जरूर विचारा.

अशा वेळी फोनवर थांबू नका

सिरॉसिसच्या रुग्णाला पुढीलपैकी काही झाले तर टेलिमेडिसिनची अपॉइंटमेंट शोधत बसू नका. थेट रुग्णालयात न्या, गरज पडल्यास १०८ ला फोन करा:

- रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौचास होणे
- असंबद्ध बोलणे, जास्त झोपणे, दिवस-रात्र न कळणे
- पोट फुगलेले असताना ताप किंवा पोटदुखी
- अचानक पोटात तीव्र वेदना, घाम आणि चक्कर
- कावीळ झपाट्याने वाढणे किंवा लघवी फार कमी होणे

सोनोग्राफी आणि सल्ल्याची तयारी

सोनोग्राफीला साधारण सहा तास उपाशीपोटी जा. मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन चालू असेल तर किती वेळ उपाशी राहायचे हे आधी डॉक्टरांना विचारा. शक्य असेल तर दरवेळी त्याच केंद्रात जा आणि मागचे सर्व रिपोर्ट सोबत न्या, कारण ‘ही गाठ आधी होती का’ या प्रश्नाचे उत्तर जुन्या रिपोर्टमध्येच असते. चिठ्ठीवर फक्त ‘पोटाची सोनोग्राफी’ असे न लिहिता ‘सिरॉसिस, लिव्हर कॅन्सर स्क्रीनिंग’ असे लिहून घ्या. तपासणाऱ्या डॉक्टरांना काय शोधायचे आहे हे कळले की ते त्या नजरेने पाहतात.

फोनवरच्या सल्ल्याआधी रिपोर्टचे सर्व पानांचे स्पष्ट फोटो काढून ठेवा. फक्त शेवटच्या ओळीचा फोटो पाठवू नका. चालू औषधे समोर ठेवा आणि हे प्रश्न लिहून घ्या:

१. मला किंवा माझ्या माणसाला सिरॉसिस आहे की नाही?
२. पूर्ण लिव्हर दिसले का?
३. एएफपी किती आहे, मागच्या वेळी किती होता?
४. पुढची तपासणी कोणत्या महिन्यात आणि तेव्हा कोणाशी बोलायचे?
५. गाठ सापडली तर पुढचा स्कॅन कुठे होईल?

फोन ठेवण्यापूर्वी चौथ्या प्रश्नाचे उत्तर घेतलेच पाहिजे. तो महिना घरच्या कॅलेंडरवर लिहा, दोन जणांच्या मोबाइलमध्ये अलार्म लावा. त्यातला एक जण रुग्ण नसावा.

घरात कोणाला हिपॅटायटिस बी असेल तर बाकीच्यांची रक्ततपासणी करून घ्या आणि लागण नसलेल्यांना लस द्या. हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी व औषधे २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी उपचार केंद्रांवर मोफत मिळतात. जो विषाणू लिव्हरपर्यंत पोचलाच नाही, त्याच्यासाठी सहा महिन्यांची सोनोग्राफी करावी लागत नाही.

थोडक्यात

नव्या यंत्रांच्या बातम्या येत राहतील. त्यातली काही यंत्रे खरोखर उपयोगी ठरतील. पण आज महाराष्ट्रातल्या लिव्हरच्या रुग्णाचे नुकसान प्रामुख्याने यंत्र नसल्यामुळे होत नाही. तपासणीची गरज आहे हे न कळल्यामुळे, चुकलेल्या तारखेमुळे आणि कोणी न वाचलेल्या रिपोर्टमुळे ते होते. या तिन्ही गोष्टी एका साध्या फोनने दुरुस्त होऊ शकतात. त्यासाठी आरोग्यव्यवस्थेने रुग्णांची यादी ठेवून त्यांना बोलावणे सुरू करायला हवे. ते होईपर्यंत ही यादी तुमच्या घरात ठेवा. मागची सोनोग्राफी कधी झाली हे पटकन आठवत नसेल, तर आजच फाईल काढून तारीख पाहा.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या तपासण्या आणि उपचार तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवा.*